वनमालाबाईंचा शोध

बजरंगच्या घरी माणसं रडायला यायची आणि बजरंग त्यांना पाणी द्यायचा. वनमाला गेल्यापासून त्याला दुसरं कामच उरलं नव्हतं. नांदूरघाटहून तिची मावशी आली, तिनं अंगणातूनच हंबरडा फोडला. बजरंगनं तिला भिंतीला टेकवून बसवलं, तांब्या पुढं केला, वर तिला दमा आहे याची आठवण करून दिली. आष्टीहून लेक मोहिनी आली, ती बापाच्या गळ्यात पडून रडली आणि बाप तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. पाटोद्याच्या बाजारात कधीकाळी बजरंगकडून एक बोकड विकत घेतलेला व्यापारी आला, तोसुद्धा स्वतःची आई आठवून ढसाढसा रडून गेला. ज्याचा रडायचा पहिला मान, त्याची पाळी काही येईना.

गहिनीनाथ हे सगळं कोपऱ्यात बसून बघत होता. पाटोद्यात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, देह दुकानाला शोभेल असा ऐसपैस, आणि बजरंग त्याचा पहिलीपासूनचा दोस्त. बजरंगला मुलगा नाही, म्हणून अग्नी स्वतः त्यानंच दिला आणि दहाव्याला नदीवर डोकंही त्यानंच भादरलं. दोस्त एकटाच बोडका झालेला गहिनीनाथला बघवेना. न्हावी वस्तरा पुसायला लागला तसा हा त्याच्यासमोर जाऊन बसला आणि मिशीसकट सगळं उतरवून घरी गेला. आता त्याचे वडील धोंडीराम दारातच खाटेवर बसलेले, चांगले जिवंत, तंबाखू मळत. बाप जिता असताना पोरानं मिशी काढायची नसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हातारा दोन दिवस जेवला नाही. मी मेल्यावर करायचं ते आधीच उरकून घेतलं, आता मेलो तर काय पागोटं उतरवणार का, असं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं.

खरी ठिणगी पडली तेराव्याला. पंगत बसलेली, आणि वनमालाचा भाऊ आप्पाराव पत्रावळीवरून हात न उचलता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आमच्या बहिणीनं याच्या घरात जिंदगी घातली. यानं एक टिपूस न्हाई काढलं. माणूस हाय का दगड?"

बजरंगनं ऐकलं आणि आप्पारावला बुंदी लागते का ते विचारायला वाढप्याला खुणावलं. पण दिवस कलताना शेरडांच्या वाड्याशी तो गहिनीनाथला म्हणाला, "गहिन्या, मी खरंच दगड हाय का बे? लई कोशिश करतो. येतंच न्हाई."

या माणसाला रडता आलं नाही तर हा आतल्या आत कुजून मरेल, हे गहिनीनाथला स्पष्ट दिसलं. गावात तर रडणं शक्यच नव्हतं. बजरंगचा ओठ जरा थरथरला की कोणीतरी पाहुणा आधी रडून घ्यायचा. तेव्हा याला अशा ठिकाणी न्यायचं जिथं ओळखीचं कुत्रंही नाही, असं त्यानं ठरवलं. आणि त्याला कळसूबाई आठवली. शाळेत असताना दोघांनी 'महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर' म्हणून ती घोकली होती, गुरुजींच्या छड्याही तिच्याच पायी खाल्ल्या होत्या, पण बालाघाटच्या टेकड्यांपलीकडे कुठली उंची दोघांनी पाहिली नव्हती. राज्याच्या टोकावर उभा राहून माणूस रडला तर त्याला 'गप' म्हणायला कोण येणार?

घरात मयत झाल्यावर वर्षभर गड चढायचा नसतो. म्हणून गावात सांगितलं की गहिनीनाथच्या गुडघ्यासाठी नगरच्या डॉक्टरकडे निघालोय. धोंडीरामांनी विचारलं की मिशी उगवायचं औषधही आणणार का, तिकडं लक्ष न देता दोघांनी एसटी धरली.

आष्टी मागं पडली नाही तोच शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं दोन नव्याकोऱ्या पांढऱ्या टोप्या आणि त्यांखालची दोन गुळगुळीत डोकी पाहिली आणि हळूच विचारलं, कोण गेलं? गहिनीनाथला वाटलं, एका माणसाला सांगायला काय हरकत आहे. त्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं उसासा टाकला, स्वतःच्या धाकट्या भावाची गोष्ट काढली, आणि कडा गावाच्या पुढं त्याला असा उमाळा आला की बजरंगनं पिशवीतली बाटली काढून त्याला पाणी दिलं. पुढच्या गाडीत एक बाई भेटली. तिची सासू गेली होती. बाटली परत भरून घ्यावी लागली.

तेव्हा गहिनीनाथनं डोकं लढवलं. पुढच्याच थांब्यावर एक धोतरवाले गृहस्थ चढले, त्यांनी डोक्यांकडं बघून तोंड उघडलं, आणि हा ते बोलायच्या आत म्हणाला, "तिरुपतीला गेलतो."

काय फरक पडतो बघा. धोतरवाल्यांचा चेहरा खुलला. त्यांनी दोघांनाही हात जोडले, भाग्यवान आहात म्हणाले, आणि ओंजळ पुढं केली. प्रसाद. तिरुपतीहून आलेला माणूस आणि लाडू नाही, असं होतच नाही. गहिनीनाथच्या बायकोनं वाटेत खायला गूळ-शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले होते. त्यातला एक फोडून त्यानं निम्मा ओंजळीत ठेवला. गृहस्थांनी तो कपाळाला लावला. तसे मागच्या बाकावरून चार हात आले, मग उभ्या माणसांचे आले, शेवटी कंडक्टरनं तिकिटांचं यंत्र काखेत धरून हात पसरला. संगमनेर यायच्या आत डबा रिकामा झाला. यंदा बालाजीनं लाडवात शेंगदाणे कसे घातले, असं एका बाईनं विचारलं, आणि गहिनीनाथनं सांगितलं की महाराष्ट्राच्या भक्तांसाठी वेगळा घाणा असतो.

बजरंग खिडकीतून बाहेर बघत होता. लोक त्याला भाग्यवान म्हणत होते आणि तो मान हलवत होता. ते बघून गहिनीनाथला आपल्याच हुशारीची लाज वाटली.

संगमनेरपुढच्या अकोल्याला मुक्काम करून रविवारी सकाळी दोघं बारी गावात, डोंगराच्या पायथ्याशी उतरले. पावसाळा सरत आला होता, सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झाले होते, आणि शिखर ढगात होतं. वाटेच्या तोंडाशी सुंदरबाई नावाच्या बाईची चहाची टपरी होती. बाई मोठी बोलघेवडी. डोकी बघून तिनंही विचारलं, गहिनीनाथनंही सवयीनं तिरुपती सांगितली, आणि इथं तो फसला. कारण सुंदरबाईला प्रसादात रस नव्हता. दोघंच कसे गेलात, असं तिनं विचारलं. बायकोला घरी टाकून देव केला तर निम्मं पुण्य वाटेतच सांडतं, असं सुनावलं. आणि मग ती सरळ बजरंगकडं वळली.

"तुमच्या मालकीण नाय आल्या?"

बजरंगच्या हातातला चहाचा ग्लास तोंडाशी जाता जाता थांबला. गहिनीनाथला ते सोसलं नाही. पुढं काय होईल याचा काडीचा विचार न करता तो म्हणाला, "आल्यात की. बायांबरोबर पुढं गेल्यात."

बजरंगनं त्याच्याकडं पाहिलं, चहा संपवला आणि चालायला लागला. पहिला चढ त्यानं न थांबता पार केला. शेरडांमागं जन्मभर डोंगर तुडवलेला माणूस, त्याचा श्वासही वाढला नव्हता. गहिनीनाथ मात्र दर दहा पावलांवर एखादा दगड बघून बसत होता.

"कावून सांगितलंस तसं?" बजरंगनं शेवटी विचारलं.

"निघून गेलं तोंडातून. माफ कर."

"न्हाई," बजरंग म्हणाला. "बरं वाटलं ऐकायला."

तेवढ्यात खालून शिट्टी ऐकू आली. नाशिकच्या एका गिर्यारोहण मंडळाची पोरंपोरी वर येत होती आणि त्यांच्या पुढं गळ्यात शिट्टी, डोक्यावर लाल टोपी अशी त्यांची प्रमुख, प्रियदर्शनी मॅडम. ही बाई म्हणजे कर्तबगारीचा कळस. टपरीवर चहा पिताना सुंदरबाईनं तिला सांगितलं होतं की बीडकडच्या एका पाहुण्यांची बायको पुढं गेलीय म्हणे, पण पहाटेपासून मी इथं बसलेय, बायांचा घोळका काही वर गेलेला दिसला नाही. मग ती एकटी गेली कुठून? प्रियदर्शनी मॅडमनी एवढ्यावरच चालण्याचा वेग दुप्पट केला होता.

"काका, घाबरून जायचं नाही," तिनं बजरंगला सांगितलं. "ढग खाली उतरतायत, वाट निसरडी आहे. काकूंना आपण शोधून काढू. नाव काय त्यांचं?"

गहिनीनाथनं खरं सांगायला तोंड उघडलं. पण त्याच्याआधी बजरंग बोलला.

"वनमाला."

मोबाईल आहे का त्यांच्याकडे? न्हाई, तो घरीच राहिलाय. रक्तदाब, साखर? न्हाई, डोकं दुखतं कधीमधी. चालायला कशा आहेत? यावर बजरंग जरासा हसला. बुटकी हाय, पण पाय लई उचलती, म्हणाला. बाजारात निघाली की मला मागं टाकून जाती, आणि पुढं जाऊन कुणाच्या तरी ओट्यावर पान खात बसती, आणि मी पोचलो की मलाच इचारती, कुठं रेंगाळला होता. पोरंपोरी हसली. गहिनीनाथनं उघडलेलं तोंड मिटलं. इतक्या दिवसांत बजरंग वनमालाबद्दल एवढं बोलला नव्हता; कुणी विचारलंच नव्हतं. आलेला प्रत्येकजण ती कशी गेली ते विचारायचा. ती चालायची कशी, हे विचारणारी ही पहिलीच.

"साडी कुठली नेसल्यात?"

"हिरवी," बजरंग म्हणाला. "कपाळभर कुंकू."

गहिनीनाथनं मान खाली घातली. नवऱ्यामागं न उरता गेलेल्या बाईला हिरवी साडी नेसवून, मळवट भरून नेतात. बजरंगनं तिला शेवटचं तसंच पाहिलं होतं.

मग काय विचारता. मॅडमनी पोरांच्या दोन तुकड्या केल्या, एक वाटेनं आणि एक डावीकडच्या डोंगरसोंडेवर. शिट्ट्या वाजल्या. वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारपूस सुरू झाली, आणि ज्यानं ऐकलं तो उतरायचं सोडून शोधात सामील झाला. लिंबूसरबतवाला दुकान झाकून निघाला. कुणीतरी सांगितलं की काकूंना चक्कर येते. पुढच्यानं सांगितलं की काकू नवऱ्याशी भांडून निघाल्यात. त्याच्या पुढच्यानं बजरंगला बाजूला घेऊन, घरोघरी मातीच्या चुली, असा धीर दिला. आणि ढगातून, कड्यावरून, झाडीतून हाका यायला लागल्या. वनमालाबाईऽऽ. वनमालाकाकूऽऽ.

बजरंग वाटेत उभा राहून ऐकत होता. ती गेल्यापासून तिचं नाव घेऊन कुणी हाक मारली नव्हती. गावात ती एका रात्रीत 'माउली' झाली होती.

"आता सांगतो मी यांना," गहिनीनाथ कासावीस होऊन म्हणाला. "पोरं कड्यावर फिरायलीत. कुणाचा पाय घसरला तर पाप लागंल."

"सांग," बजरंग म्हणाला. "पन जरा थांबून सांग."

त्या जरा थांबण्यातच घात झाला. वरून काठी टेकत एक माणूस उतरला. पोरांनी त्याला घेरलं, हिरवी साडी, कपाळभर कुंकू, सगळं सांगितलं. तो म्हणाला, हां, हां, अशी बाई वर मंदिरापाशी बसलीय की, एकटीच, कुणाची तरी वाट बघत.

बजरंगच्या चेहऱ्याचा रंग पालटला. गहिनीनाथनं त्याचा दंड धरला, पण तो सुटला आणि वर निघाला. त्यानं स्वतःच्या हातानं तिला अग्नी दिला होता. राख सावडली होती. तरी तो असा चढत होता की नाशिकची तरणी पोरं मागं पडली. "बजरंग, थांब रे, अरे ती..." एवढं ओरडून गहिनीनाथ थांबला, कारण पुढचं वाक्य ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

आणि त्याच्यापुढं लोखंडी शिडी आली. कड्याला उभी लावलेली, खालची दरी फटींतून दिसणारी. गहिनीनाथ दुकानात वरच्या फळीवरचे फिल्टर काढायलाही नोकराला चढवायचा. मधोमध पोचल्यावर त्यानं डोळे मिटले, दोन्ही हातांनी कठड्याला मिठी मारली आणि नवनाथांचा धावा सुरू केला. मच्छिंद्र, गोरक्ष, जालिंदर, कानिफ म्हणून झालं, मग गहिनी आला, आणि स्वतःचाच धावा करून काय उपयोग म्हणून त्याचं अवसान पार गळालं. खाली रांग साचली. काका, एकतर चढा नाहीतर उतरा, असं खालून विनवलं गेलं. वर ढगात बजरंग एकटा होता. तिथं बाई असली नसली, दोन्हीत त्याची धडगत नव्हती. गहिनीनाथला रडू आलं. डोळे मिटलेलेच ठेवून, रडत, तो एकेक पायरी चाचपत वर गेला. असल्या शिड्या अजून आहेत हे कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं फक्त नाक पुसलं.

शिखरावर तो गुडघ्यांवर पोचला. लहानसं मंदिर, भोवती ढग, आणि मंदिराच्या पायरीवर हिरव्या साडीतली एक बाई बसलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पोरींनी तिच्या खांद्यावर चादर टाकली होती, हातात ग्लुकोजच्या पाण्याचा पेला दिला होता, आणि ती संतापानं लाल झाली होती.

"अगं बायांनो, मी साखराबाई. निफाडची. कितींदा सांगू?"

"त्या रागावल्यात, काका," मॅडम बजरंगच्या कानात म्हणाल्या. "ओळखच दाखवत नाहीयेत. तुम्हीच समजूत काढा."

बजरंग तिच्यासमोर चार हात अंतरावर उभा होता. ती वनमाला नव्हती. उंच होती, सावळी होती, कुठूनही वनमाला नव्हती. एवढा डोंगर चढून आल्यावर, एवढ्या माणसांनी हाका मारल्यावरही ती वनमाला नव्हती. गहिनीनाथनं पाहिलं की बजरंगचा खालचा ओठ थरथरला. या वेळी त्याच्याआधी रडायला कुणी नव्हतं. तो खाली बसला आणि रडला. आवाज काढून, तोंड न झाकता, पोटातून ओढून काढल्यासारखा रडला. नवरा-बायकोची भेट झाली म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली.

हा माणूस माझा कुणी नाही, असं सांगायला साखराबाई उठली होती. तिची नजर त्याच्या टोपीखालच्या डोक्यावर गेली आणि ती थांबली.

"डोकं दुखतंय म्हणालीस," बजरंग रडत तिला म्हणत होता, "आन मी म्हणलं, चहा पी आन नीज. शेरडं सोडायचा टाइम झाला. तुला टाकून गेलो मी. परत आलो तं गार पडलीस."

टाळ्या एकेक करून बंद झाल्या. मॅडमनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. त्यांनी गहिनीनाथकडं पाहिलं, गहिनीनाथनं हात जोडले.

साखराबाई खाली बसली. तिनं इकडं तिकडं पाहिलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. बजरंगच्या पाठीवर हात ठेवून ती नेहमीच्या, घरात बोलतात तसल्या आवाजात म्हणाली, "बरं केलंत. माझं डोकं दुखलं म्हणून काय मुकी जनावरं उपाशी ठेवायची व्हती?"

बजरंग आणखी मोठ्यानं रडायला लागला. कुणी त्याला गप म्हणालं नाही. ढग सरकत होते, पोरं दगडांवर जागा मिळेल तिथं बसली होती, लिंबूसरबतवाल्यानं गांधीटोपी काढून मांडीवर ठेवली होती. गहिनीनाथ तोंड पदरात घालायला पदर नाही म्हणून टॉवेलात घालून बसला होता.

तेवढ्यात खालच्या विहिरीवरून पाण्याची बाटली भरून एक गृहस्थ वर आला. आपली बायको एका अनोळखी बोडक्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवत बसलीय आणि भोवती एवढं वऱ्हाड जमलंय, हे बघून तो जागीच थबकला.

"हे कोण?"

"माहेरचे हायेत माझ्या," साखराबाई म्हणाली.

नवऱ्यानं बजरंगला नीट न्याहाळलं. "लग्नात कुठं दिसले न्हाईत."

"तुमाला कसे दिसतील? मला सासरी वाटं लावताना हे मांडवामागं जाऊन रडत बसले व्हते."

नवऱ्याला ते पटलं. त्यानं बाटलीचं झाकण काढलं, आणि स्वतः तहानलेला असूनही पाणी आधी बजरंगला दिलं.